कारखान्यालगतच्या वस्तीत स्फोट : रहिवाशांनी आधी, त्या वेळी आणि नंतर काय करावे

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये २६ मे २०१६ रोजी दुपारी बाराच्या सुमारास ‘प्रोबेस एंटरप्रायझेस’ या कारखान्यात स्फोट झाला. त्यात १२ जणांचा बळी गेला आणि दोनशेच्या आसपास माणसे जखमी झाली. जवळजवळ आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास, त्याच फेज दोनमध्ये ‘अमुदान केमिकल्स’चा रिअ‍ॅक्टर, म्हणजे रासायनिक अभिक्रिया घडवण्याचे बंद पात्र, फुटला आणि दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, काही मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीची वाट पाहावी लागली. दोन्ही वेळा कारखान्याच्या कुंपणाशी कसलाही संबंध नसलेल्या लोकांच्या घरांच्या काचा फुटल्या, दारे चौकटीतून निखळली आणि भिंतींना तडे गेले. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत १९६४ सालची. तिच्या आतच मिलापनगर, सुदर्शननगर असा निवासी विभाग आहे. त्यामुळे तेथे ‘कारखान्याजवळ घर घेतलेच कशाला’ हा प्रश्न विचारून काही साध्य होत नाही. तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे, कुरकुंभ येथील रहिवाशांचीही स्थिती थोड्याफार फरकाने हीच आहे.

कारखाना सुरक्षित कसा चालवावा हा या लेखाचा विषय नाही, कारण रिअ‍ॅक्टरची शीतकरण यंत्रणा बंद पडली तर ती चालू करणे रहिवाशाच्या हातात नसते. शेजारी काय साठवले आहे याची चौकशी, आग दिसल्यानंतरच्या काही मिनिटांतले वर्तन आणि नुकसानीचा कागदोपत्री पुरावा या तीन गोष्टी मात्र त्याच्या हातात असतात. माझ्या मते यांतल्या तिसऱ्या गोष्टीत आपण सर्वांत कमी पडतो, म्हणून तिच्यावर पुढे अधिक लिहिले आहे.

शेजारी काय आहे, हे लेखी विचारा

घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे १९८९ चे केंद्रीय नियम रहिवाशांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ज्या कारखान्यात ठरावीक रसायने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रमाणात असतात, त्याला या नियमांनुसार कुंपणाच्या आतला आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावी लागते. कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा असतो आणि त्याची तालीम वर्षातून निदान एकदा व्हायला हवी. अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकते, अशा बाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि त्या प्रसंगी काय करावे, काय करू नये हे आधीच कळवण्याची जबाबदारीही याच नियमांनी कारखान्यावर टाकली आहे. म्हणजे ही माहिती मागणे हा आगाऊपणा नव्हे. ती न मागता मिळायला हवी होती.

१९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले आहेत. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख बहुधा ‘लोकल क्रायसिस ग्रुप’ असाच आढळतो. त्यात अधिकाऱ्यांबरोबर स्थानिक डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते आणि वस्तीतले प्रतिनिधी असणे अपेक्षित आहे. नागरिकाने विचारल्यास औद्योगिक पट्ट्यातल्या संभाव्य अपघातांची माहिती देणे हे या गटाचे कामच आहे. आपल्या भागातला गट कोणता, त्यात रहिवाशांतर्फे कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, हे प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर विचारावे आणि प्रतीवर पोच घ्यावी.

एक अडचण मात्र लक्षात घेतली पाहिजे. नियमांतली मर्यादा रसायनाच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे लहान कारखाने त्या मर्यादेखाली राहून ‘अति धोकादायक’ यादीत येतच नाहीत. स्फोट घडवायला मात्र एक रिअ‍ॅक्टर किंवा पिंपांची एक रांग पुरते. म्हणून चौकशी मोठ्या नावांपाशी थांबवू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला जे संमतीपत्र देते, त्यात उत्पादनांची नावे आणि मंजूर प्रमाण लिहिलेले असते, आणि ही संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या इमारतीपासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांची संमतीपत्रे उतरवून घ्यावीत आणि रसायनशास्त्र शिकलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडून समजून घ्यावीत. पेरॉक्साइडे, नायट्रो संयुगे, ज्वलनशील विद्रावके (सॉल्व्हंट), क्लोरीन आणि अमोनिया ही नावे आधी शोधावीत. औद्योगिक वस्त्यांत असा एखादा निवृत्त केमिस्ट बहुधा सापडतोच.

यापुढची माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करावा. विषय बाष्पकाचा (बॉयलरचा) असेल तर बाष्पके संचालनालयाकडे आणि स्फोटके किंवा पेट्रोलियमच्या परवान्याचा असेल तर पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, जिचे मुख्यालय नागपुरात आहे. ‘कारखाना सुरक्षित आहे का’ असा प्रश्न अर्जात विचारू नये, कारण त्याला उत्तर मिळत नाही. ‘गेल्या तीन वर्षांतल्या तपासण्यांचे अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि त्यांवरील कार्यवाही यांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिले, तर कागदच द्यावे लागतात. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

घरातली तयारी

दूरवरच्या स्फोटात घरातला माणूस आगीने क्वचितच जखमी होतो. त्याला इजा करते ती काच. त्यामुळे तयारीची सुरुवात खिडकीपासून करावी. कारखान्याच्या दिशेला असलेल्या खिडक्यांच्या काचांना आतून चिकटवायची सुरक्षा फिल्म लावून घ्यावी. काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात आणि त्यांचा वेग बराच कमी होतो. खिडक्या नव्याने बसवायच्या असतील तर दोन काचांमध्ये थर असलेली लॅमिनेटेड काच उत्तम. जाड पडद्यांचाही उपयोग होतो, पण ते ओढलेले असतील तरच. पलंग, पाळणा आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल त्या खिडकीखाली ठेवू नये. उंच कपाटे भिंतीला पक्की करावीत.

प्रत्येकाच्या उशाशी किंवा दाराजवळ जाड तळव्याच्या चपला, एक टॉर्च आणि शिट्टी असावी. कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती ईमेलवर ठेवाव्यात. सहा महिन्यांतून एकदा घराच्या प्रत्येक भिंतीचे, छताचे, खिडक्यांचे आणि मोठ्या वस्तूंचे फोटो किंवा व्हिडिओ काढून तेही ईमेलवर पाठवून ठेवावेत. हे काम कंटाळवाणे खरे. पण तडा स्फोटाने पडला की आधीपासून होता, हा वाद तारखेचा फोटो नसेल तर मिटत नाही.

विमा याच वेळी तपासावा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात आग आणि स्फोट दोन्हींचा समावेश असतो. इमारतीचा विमा सोसायटीच्या नावाने आणि घरातल्या वस्तूंचा स्वतःच्या नावाने, असे दोन्ही असावेत. गाडीचा फक्त तृतीय पक्ष विमा असेल, तर फुटलेल्या काचेचा आणि दबलेल्या टपाचा खर्च त्यातून मिळत नाही.

आग दिसली, म्हणजे खिडकी सोडायची

बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या गोदामाचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी कितीतरी मिनिटे तिथे आग लागलेली होती, आणि शहरातले लोक गॅलरीत, खिडकीत उभे राहून मोबाइलवर ती टिपत होते. त्या दिवशी डोळ्यांना आणि चेहऱ्याला काचांनी झालेल्या जखमांचे प्रमाण मोठे होते. टेक्सासमधल्या वेस्ट या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या गोदामाला लागलेली आग विझवायला गेलेले लोक वीसेक मिनिटांतच स्फोटात सापडले. १५ मृतांत बहुतेक आग विझवायला आणि मदतीला धावलेलेच होते. साठवणीला लागलेली आग ही बहुधा पूर्वसूचना असते. रिअ‍ॅक्टरमधली अभिक्रिया हाताबाहेर गेली, म्हणजे आतली उष्णता बाहेर काढता येण्यापेक्षा वेगाने वाढू लागली, तर बाहेरच्या माणसाला कोणतीही सूचना न मिळता धमाका होऊ शकतो.

म्हणून कारखान्याच्या दिशेने धुराचा लोट, नेहमीपेक्षा वेगळी शिटी, सुरक्षाझडपेतून जोराने बाहेर पडणारी वाफ किंवा लहान स्फोटांची मालिका जाणवली, तर पुढील क्रम पाळावा. काय झाले हे पाहायला गॅलरीत जाऊ नये. घरातल्या सर्वांना हाक मारून इमारतीच्या आतल्या भागात आणावे. खिडकी नसलेला पॅसेज किंवा दोन भिंती पलीकडची खोली योग्य. वेळ असेल तर जाता जाता पडदे ओढावेत आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. लिफ्ट वापरू नये. खाली बसून डोके गुडघ्यांत घ्यावे आणि हातांनी कान व मानेचा मागचा भाग झाकावा. ११२ किंवा १०१ वर फोन आतूनच करावा आणि कारखान्याचे नाव माहीत नसेल तर जवळचा चौक किंवा प्लॉट क्रमांक सांगावा.

अचानक लख्ख उजेड दिसला आणि आवाज अजून आला नसेल, तर जागच्या जागी खिडकीकडे पाठ करून जमिनीवर पडावे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवरच्या धमाक्याची लाट पोहोचायला सुमारे तीन सेकंद लागतात, आणि जमिनीवर पडायला तेवढा वेळ पुरतो. रस्त्यावर असाल तर काचेच्या दर्शनी भागापासून, विजेच्या खांबांपासून आणि जाहिरात फलकांपासून दूर व्हावे.

पहिला तास

पहिल्या धमाक्यानंतर दुसरा होऊ शकतो, कारण शेजारच्या टाक्या आणि पिंपे तापलेली असतात. म्हणून लगेच खाली धावू नये. आधी चपला घालाव्यात, मग घरातल्या माणसांना हाक मारून कोण कसे आहे ते पाहावे. गॅसचा वास येत असेल तर विजेचे एकही बटण दाबू नये, चालूही नाही आणि बंदही नाही. दार अडकले असेल तर शिट्टी वाजवावी. ओरडण्यात दम जातो आणि धूळही आत जाते.

वायू पसरल्याची शंका असेल तर दारे-खिडक्या बंद करून घरात थांबा, असे एरवी सांगितले जाते आणि काचा शाबूत असतील तर ते योग्यही आहे. दारांच्या फटींत ओले कापड घालावे, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करावा. पण स्फोटानंतर काचाच उरल्या नसतील तर बंद करायला काही राहत नाही. अशा घरात बसून राहणे धोक्याचे. तेव्हा वारा कुठून वाहतो ते धुराच्या दिशेवरून पाहावे आणि वाऱ्याला आडवे चालत लोटाबाहेर पडावे. वाऱ्याबरोबर चालल्यास वायूही आपल्याबरोबर येतो आणि वाऱ्याविरुद्ध गेल्यास आपण कारखान्याकडे जातो. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात आणि तळमजल्यावर साचतो, तर अमोनिया सहसा वर चढतो. ओला रुमाल धुळीला आणि पाण्यात विरघळणाऱ्या वायूला थोडेफार अडवतो. विद्रावकांच्या वाफांना तो रोखत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर थांबू नये.

अंगावर रसायन उडाले असेल तर कपडे लगेच काढून वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे अंग धुवावे. रस्ते मोकळे ठेवावेत. बंबांना वाट मिळत नाही त्याचे मोठे कारण बघ्यांच्या दुचाकी हेच असते.

जखमा

डोळ्यात काच गेली असेल तर ती काढण्याचा प्रयत्न करू नये, डोळा चोळू नये आणि धुऊही नये. त्यावर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवावा आणि रुग्णालयात न्यावे. मोठ्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांतले काहीही भरू नये. खोल रुतलेला तुकडा तसाच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा. कानात सतत घुमणे, कमी ऐकू येणे किंवा रक्त येणे ही पडदा फाटल्याची लक्षणे असू शकतात. आपल्याकडे अशा वेळी कोमट तेल घालायची सवय आहे; फाटलेल्या पडद्यातून ते मधल्या कानात जाते, म्हणून घालू नये. बाहेरून एकही जखम नसलेल्या माणसाला दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर दाबाच्या लाटेने फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. त्याला चालवू नये आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

किरकोळ जखम असली तरी त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासून घ्यावी आणि केसपेपरवर जखमेचे कारण ‘कारखान्यातील स्फोट’ असे लिहून घ्यावे. हा शब्दप्रयोग पुढे दाव्यात लागतो.

इमारतीत पुन्हा जाण्यापूर्वी

भिंतीच्या गिलाव्यातले बारीक तडे घाबरवणारे दिसतात, पण इमारत पेलतात ते खांब आणि तुळया. खांबाला तिरपा तडा, काँक्रीट सुटून उघडी पडलेली सळई, तुळई आणि खांबाच्या सांध्यातली फट किंवा पूर्वी सहज लागणारे दार आता घासणे यांपैकी काहीही आढळल्यास नोंदणीकृत संरचना अभियंत्याने पाहिल्याशिवाय राहायला जाऊ नये. गच्चीवरची पाण्याची टाकी, सैल झालेल्या ग्रिल आणि लोंबकळणाऱ्या काचा आधी उतरवाव्यात. अभियंत्याचे मत लेखी आणि तारखेसह घ्यावे.

पंचनामा, आणि त्याशिवायचे मार्ग

२०१६ नंतर डोंबिवलीत दोन हजारांहून अधिक मालमत्तांचे पंचनामे झाले आणि रहिवासी वर्षानुवर्षे भरपाईची वाट पाहत राहिले. पंचनामा म्हणजे भरपाईचा अर्ज, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. पंचनामा ही नुकसानीची नोंद असते. सरकारने मदत जाहीर केली तर ती त्याच्या आधारे मिळते. जाहीर केली नाही तर तो कागद फाइलीत राहतो. दावा स्वतःच्या नावाने, योग्य ठिकाणी आणि मुदतीत करावा लागतो.

तरीही पंचनाम्याकडे दुर्लक्ष करू नये. काचा झाडून टाकण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, तेही दारातून एक आणि जवळून एक असे. महसूल किंवा महापालिकेचे कर्मचारी आले की वस्तू, संख्या आणि अंदाजे किंमत लिहिली जाते आहे ना, ते पाहून सही करावी. ‘काचा फुटल्या’ एवढेच लिहिले असेल तर ‘चार सरकत्या खिडक्या, ॲल्युमिनियमच्या चौकटींसह’ असे लिहायला सांगावे. प्रत मागावी, मिळाली नाही तर मोबाइलवर पानाचा फोटो घ्यावा. कोणी घरी आलेच नाही, तर आठवड्याभरात तहसीलदारांना लेखी कळवून पोच घ्यावी. दुरुस्तीची जीएसटी असलेली बिले जपून ठेवावीत. भाडेकरूने वस्तूंचा आणि मालकाने घराचा दावा वेगवेगळा करावा.

पहिला मार्ग सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचा आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९९१ मध्ये तो झाला. घातक पदार्थ ठरावीक प्रमाणाहून जास्त हाताळणाऱ्या मालकाला हा विमा घ्यावा लागतो. कामगार सोडून इतर कोणाचा मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर मालकाची चूक सिद्ध न करताही मदत मिळते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपघातापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. मूळ अनुसूचीतल्या रकमा अगदीच तुटपुंज्या होत्या, म्हणजे मृत्यूसाठी २५ हजार, उपचारांसाठी साडेबारा हजारांपर्यंत आणि मालमत्तेसाठी ६ हजारांपर्यंत. अर्जाच्या वेळी लागू असलेले दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावेत. ही मदत घेतल्याने मोठी भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, हे तर अधिक महत्त्वाचे.

ती मोठी भरपाई राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे मागता येते. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्यानुसार तेथेही चूक सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर नसते आणि मुदत पाच वर्षांची आहे. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी ‘एलजी पॉलिमर्स’मधून स्टायरीनची गळती झाली, तेव्हा न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेऊन दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये जमा करण्याचा अंतरिम आदेश दिला होता. इमारतीतल्या सर्वांनी मिळून एक अर्ज केल्यास खर्च विभागतो आणि पुरावाही एकमेकांना पूरक ठरतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मोफत साहाय्याला पात्र असलेल्यांच्या यादीत औद्योगिक आपत्तीच्या पीडितांचा उल्लेख आहे. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते.

विमा कंपनीला मात्र शक्य तितक्या लवकर, दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी कळवावे. सर्वेक्षक येईपर्यंत फुटलेल्या वस्तू फेकू नयेत. पावसापासून बचावासाठी ताडपत्री लावायला हरकत नाही, तिचेही बिल ठेवावे.

माणूस सापडत नसेल तर

मृतांत कामगारच सर्वाधिक असतात आणि त्यांतले बरेचसे कंत्राटी, परगावचे असतात. नातेवाइकाचा फोन लागत नसेल तर पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार द्यावी आणि कपडे, अंगठी, जुनी शस्त्रक्रिया, दातांवरचे उपचार यांची माहिती सांगावी. ओळख पटत नसेल तर आई-वडील, मुले किंवा सख्खी भावंडे यांचे रक्ताचे नमुने डीएनए चाचणीसाठी घेतले जातात. त्यांना गावाहून लवकर बोलावून घ्यावे. कामगाराचा ठेकेदार कोण, हजेरीचा पुरावा काय आणि कामगार विमा व भविष्य निर्वाह निधी यांचे क्रमांक कोणते, हे सहकाऱ्यांकडून पहिल्या दोन दिवसांतच लिहून घ्यावे. नंतर ठेकेदार सापडत नाही आणि सहकारीही गावी निघून जातात.

पुढच्या काही महिन्यांत

स्फोटानंतर चौकशी समिती नेमली जाते. प्रोबेसच्या स्फोटाचे कारण म्हणून प्रोपार्जिल क्लोराइडचे नाव ज्या अहवालात आले, तो लोकांसमोर येण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला होता. म्हणून समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत आणि अहवालाची मुदत सोसायटीने सुरुवातीलाच मागून घ्यावी, आणि ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अहवालासाठी अर्ज द्यावा. डोंबिवलीतले १५६ कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला होता, आणि २०२४ चा स्फोट त्यानंतरचा आहे. स्थलांतराच्या घोषणेवर विसंबून बाकीचा पाठपुरावा सोडू नये. आजूबाजूचे बंद केलेले कारखाने पुन्हा सुरू होताना कोणत्या अटींवर परवानगी मिळाली, हे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालय या दोन्हींकडून कागदावर घ्यावे. कुंपणाबाहेरच्या आराखड्याची पुढची तालीम कधी आहे आणि तिच्यात आपल्या इमारतीचा समावेश आहे का, हेही त्याच अर्जात विचारावे.